शेजारी युद्ध पेटलं आणि बुडणारी टोयोटा वाचली. कोरियन युद्धाने जपानचं नशीब कसं पालटलं?

जून १९५०. आज जगभर गाड्या विकणारी टोयोटा तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. ट्रकना गिऱ्हाईक नव्हतं, पगार थकले होते, कामगार संपावर गेले होते. शेवटी दीड हजारांहून जास्त कामगारांना घरी जावं लागलं आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी घेत राजीनामा दिला.

त्याच महिन्यात, २५ जूनला उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर हल्ला केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकी लष्कराने टोयोटाकडे १,००० ट्रकची ऑर्डर दिली. कंपनी वाचली.

जपानवर ही वेळ का आली होती?

दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. महागाई आवरण्यासाठी १९४९ मध्ये अमेरिकी बँकर जोसेफ डॉज यांनी सरकारी खर्चाला जबर कात्री लावली. एका डॉलरला ३६० येन हा दरही तेव्हाच ठरला. महागाई आटोक्यात आली, पण बाजारातला पैसाच आटला. कारखाने बंद पडू लागले, बेरोजगारी वाढली.

युद्धातून पैसा कसा आला?

अमेरिकेला कोरियात लढायचं होतं, पण माल मायदेशातून समुद्रापार आणणं वेळखाऊ आणि खर्चिक होतं. जपान अगदी शेजारी. मग ट्रक, कापड, वाळूच्या गोण्या, काटेरी तार, वाहनांची दुरुस्ती अशी सगळी कामं जपानला मिळाली. या खरेदीला जपानीत 'तोकुजु' म्हणजे विशेष मागणी म्हणतात.

कापड गिरण्यांची तर चांदी झाली. माग एकदा 'गाचा' वाजला की दहा हजार येन, म्हणजे एक 'मान' मिळतात, असं लोक गमतीने म्हणायचे. त्यावरून या तेजीला 'गाचामान' असं नावच पडलं. १९५२ आणि १९५३ मध्ये जपानच्या परकीय चलनाच्या कमाईत एक तृतीयांशाहून मोठा वाटा या खरेदीचा होता. त्या डॉलरवर कच्चा माल आणि नवी यंत्रं आयात झाली.

परराष्ट्र संबंधांचं काय झालं?

कालचा शत्रू अमेरिकेला आता साथीदार म्हणून हवा होता. ८ सप्टेंबर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ४८ देशांनी जपानशी शांतता करार केला. त्याच दिवशी अमेरिका आणि जपान यांचा सुरक्षा करारही झाला. २८ एप्रिल १९५२ ला जपान पुन्हा सार्वभौम झाला, पण अमेरिकी तळ तिथेच राहिले. ओकिनावा तर १९७२ पर्यंत अमेरिकेकडेच होतं.

सैन्य न ठेवण्याची हमी जपानच्या संविधानात होती. तरीही अमेरिकी सैन्य कोरियात गेल्यावर जनरल मॅकआर्थर यांच्या आदेशाने ७५,००० जणांचं राखीव पोलीस दल उभं राहिलं. आजच्या जपानी स्वसंरक्षण दलाचं मूळ तिथेच आहे.

भारताने या परिषदेला जायचं नाकारलं. परकीय सैन्य जपानमध्येच राहणार, यालाही भारताचा आक्षेप होता. ९ जून १९५२ ला भारताने जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली.

मग किंमत कोणी मोजली?

कोरियाने. ३५ वर्षं जपानची वसाहत असलेला हा देश बेचिराख झाला, लाखो माणसं मेली आणि त्याच युद्धावर जपानचे कारखाने सावरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या करारात ना कोरियाला स्थान होतं, ना चीनला. दक्षिण कोरियाशी जपानचे संबंध सुरळीत व्हायला १९६५ उजाडलं, चीनशी १९७२. इतिहासावरून हे शेजारी आजही भांडतात, त्याचं एक कारण हेही आहे. अमेरिकेशी समेट लवकर झाला, शेजाऱ्यांशी हिशेब मात्र मागे राहिला.

आणि किइचिरो टोयोडा? कंपनी सावरल्यावर त्यांना पुन्हा अध्यक्षपदी आणायचं ठरलं होतं. त्याआधीच, मार्च १९५२ मध्ये त्यांचं निधन झालं.