स्वतःच्या वजनाच्या एक कोटी पट

रात्रभर ३७ अंशांवर वाढवलेल्या ई. कोलायच्या गढूळ द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०० कोटी जिवाणू असतात. लिटरभर द्रव घेतला की आकडा लाख कोटींवर जातो. प्रत्येक जिवाणू जेमतेम २ मायक्रॉन लांब, आणि त्याचं वजन ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. इतके सगळे जिवाणू मिळून जागा व्यापतात फक्त एक घन सेंटिमीटर.

आता हा लिटर गाळायचा आहे. प्रयोगशाळेतला नेहमीचा फिल्टर म्हणजे ४७ मिलिमीटर व्यासाची पातळ चकती. ती पॉलिकार्बोनेटची आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांची असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० कोटी छिद्रं असतात. गाळण्याच्या उपयोगी पडणारं क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर धरलं, तर ती ३६० कोटी होतात. पुष्कळ वाटतात ना? पण पहिल्या एका मिलिलिटरमधले जिवाणू आडवे पसरले तरी सगळी चकती झाकून जाते. उरलेल्या ९९९ मिलिलिटरना मग जिवाणूंच्याच अंगांमधल्या फटींतून वाट काढावी लागते. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं: पहिल्या मिलिलिटरनंतर खरा फिल्टर जिवाणूच असतात, चकती राहते केवळ आधाराला.

शेवटी साचलेला थर, ४० टक्के पोकळी धरली, तर सुमारे १.४ मिलिमीटर जाड होतो. ढोबळ हिशेबाने त्याचा अडथळा चकतीच्या सुमारे ५० पट. धार थेंबांवर येते आणि हात आपसूक व्हॅक्यूम पंपाकडे जातो.

पंप पूर्ण चालवला की वरून खाली जवळजवळ एका वायुमंडलाइतक्या दाबाचा फरक पडतो. खाली जाणारं पाणी प्रत्येक जिवाणूला ढकलतं, तो खालच्याला रेटतो, आणि भार थरागणिक साचत जातो. तळाच्या जिवाणूवर पडणारा भार त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक कोटी पट असतो. ६० किलोच्या माणसाच्या मापाने हे ६ लाख टन होतात, म्हणजे साधारण ६० आयफेल टॉवर.

या भाराखाली मऊ पेशी चपट्या होतात आणि एकमेकींना चिकटून बसतात. पोकळी ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच जिवाणूंचा अडथळा दुपटीवर थांबत नाही, दहा पटींहून जास्त वाढतो. फट अरुंद होते तसं पाणी तिच्या भिंतींना फार जास्त घासतं.

फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ साली वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला: दाब दुप्पट, तर प्रवाह दुप्पट. वाळूचा कण दबत नाही, म्हणून तिथे हे सरळ जुळतं. जिवाणूंच्या थराचा अडथळा मात्र दाबाबरोबर वाढतो; किती वाढतो, हे एक घातांक सांगतो. तो ० असेल तर थर वाळूसारखा, १ असेल तर दाब वाढवून काहीच हाती लागत नाही. घातांक ०.८ धरून पाहा: दाब दसपट केला, तरी वेग वाढतो जेमतेम १.६ पट.

पेशींच्या मऊपणाची दुसरी बाजूही आहे. २००९ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी दाखवलं की ई. कोलाय स्वतःच्या जाडीच्या निम्म्या रुंदीच्या वाटेतही वाढत, विभागत शिरतो. औषधं निर्जंतुक करणाऱ्या फिल्टरची परीक्षाही कडक असते. ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा हा अगदी बारीक जिवाणू दर चौरस सेंटिमीटरला किमान एक कोटी या प्रमाणात त्यावर सोडतात, आणि पलीकडे एकही सापडता कामा नये.

मोठ्या प्रमाणावर गाळताना द्रव पडद्यावर उभा दाबत नाहीत; त्याला समांतर, सेकंदाला काही मीटर वेगाने वाहवतात, म्हणजे थर साचण्याआधीच धुऊन निघतो. रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेली मर्यादाही त्यात पाळतात: पडद्यातून आरपार जाणारा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली ठेवला, तर पडदा फारसा तुंबतच नाही.

प्रयोगशाळेत उभं राहून गाळणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन: धार मंदावली की पंप वाढवू नका, मोठा फिल्टर घ्या. क्षेत्रफळ दुप्पट केलं, तर थराची जाडी निम्मी होते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरला निम्माच द्रव गाळावा लागतो. त्याच दाबावर वेळ साधारण चौथाईवर येतो.