इंजिनाच्या आधी चाक बघा!

आषाढात गोंदिया जिल्ह्यात रोवणीची एकच घाई असते. बांधीत गुडघाभर चिखल साचलेला असतो. बैलांचे पाय फसतात, माणसांचे फसतात, मग ट्रॅक्टरची काय कथा! नुसत्या रबरी टायरवर तो बांधीत उतरला, की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि ट्रॅक्टर आणखीच खोल रुततो. मग मालक काय करतो? चाकांना लोखंडी पिंजऱ्यासारखी दुसरी चाकं जोडतो. त्यांना म्हणतात केजव्हील. आणि काय आश्चर्य! मघाशी रुतून बसलेला ट्रॅक्टर चिखल तुडवत बांधीभर फिरू लागतो.

दोस्तांनो, इंजिन बदललं का? नाही. ताकद वाढली का? तीही नाही. बदललं ते फक्त चाक! ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आज आपण एका भन्नाट गाडीबद्दल बोलणार आहोत.

टीव्हीवर किंवा एखाद्या रिसॉर्टमध्ये तुम्ही ती पाहिली असेल. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसावं तशी बैठक. तिचं नाव क्वाड. गोंदियाच्या बाजारात ती दिसणार नाही कदाचित, पण जगभर हजारो लोक तिच्यावर बसून जंगलातल्या, डोंगरातल्या आडवाटा तुडवतात. अशी क्वाड घरी आली, की तिच्यात सुधारणा करायचा मोह आवरत नाही. अनेकांना पहिल्यांदा हवा असतो मोठ्ठा आवाज करणारा सायलेन्सर! हसू नका बरं. तुमच्यापैकी किती जणांनी सायकलला ब्रेकचे नवे रबर लावायच्या आधी भोंगा लावला, सांगा पाहू?

खर्च करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: माझी गाडी या वाटेवर नेमकी कुठे कमी पडते? क्वाड असो, ट्रॅक्टर असो की शाळेत नेणारी सायकल, उत्तर शोधायची रीत सारखीच. चला, क्रमाने बघू.

पहिलं काम : पकड

टायरमधल्या हवेचा दाब आपण 'पौंड' म्हणून मोजतो. एका चौरस इंचावर किती पौंड जोर, असा त्याचा अर्थ. तुमच्या सायकलच्या टायरमध्ये साधारण ५० पौंड हवा असते. क्वाडच्या फुगीर टायरमध्ये किती असेल? अवघी ५ पौंडांच्या आसपास!

आता ढोबळ गणित करा. क्वाड आणि स्वार मिळून २४० किलो धरू. चार चाकांत वाटले तर प्रत्येकी ६० किलो, म्हणजे सुमारे १३२ पौंड. भागिले ५, म्हणजे एकेक टायर जवळजवळ २६ चौरस इंच जमिनीवर टेकतो. तुम्ही आणि सायकल मिळून ६० किलो असाल, तर एका चाकावर ३० किलो, म्हणजे ६६ पौंड. भागिले ५०, उत्तर आलं सव्वा चौरस इंचाहून थोडं जास्त! म्हणून ओल्या पांदणीत सायकल सुरीसारखी आत घुसते आणि क्वाड तरंगल्यासारखी पुढे जाते.

पण फुगीर टायर म्हटलं की झालं, असं नाही. जमीन कोणती, हेही पाहावं लागतं. आपल्याकडचे शेतकरी मातीला नावानिशी ओळखतात. काळी, चिकट ती कन्हार. मुरमाड, खडी असलेली ती बरडी. ओल्या कन्हारीत टायरचे खिळे उंच आणि लांब लांब हवेत, म्हणजे त्यांत अडकलेला चिखल फिरताना झटकला जातो. कडक बरडीवर तेच उंच खिळे वाकतात, थरथरतात आणि लवकर झिजतात. तिथे बुटके, जवळ जवळ असलेले खिळे बरे. बांधीत राजा असलेलं केजव्हील डांबरी रस्त्यावर मात्र रस्ताच उखडून टाकतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. एका जागची सुधारणा दुसऱ्या जागी बिघाड ठरते ती अशी.

दुसरं काम : थांबणं

वेग वाढवायचा असेल तर आधी थांबता आलं पाहिजे. क्वाडच्या ब्रेकचे पॅड चिखलात आणि वाळूत झपाट्याने झिजतात. म्हणून वाटेवर जाणारा शहाणा स्वार सायलेन्सरच्या आधी चांगले पॅड आणि ब्रेकचं ताजं तेल घेतो.

आणि आपली सायकल? लोखंडी, चकचकीत रिम पावसात भिजली, की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरतात. कोरड्या दिवशी दोन हातांवर थांबणारी सायकल ओल्या दिवशी कितीतरी पुढे जाते. एक परीक्षा आत्ताच घ्या. सायकलजवळ उभे राहा, पुढचा ब्रेक करकचून दाबा आणि सायकल पुढे ढकला. पुढचं चाक फिरलं? मग वेगाची गोष्ट आज बंद. आधी ब्रेक!

तिसरं काम : तोल

आता एक खरी गोष्ट ऐका. १९७० साली जपानच्या होंडा कंपनीने तीन फुगीर चाकांची एक गाडी बाजारात आणली. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा विकायला काहीतरी द्या, असा अमेरिकेतल्या विक्रेत्यांचा आग्रह होता. ओसामू ताकेउची या अभियंत्याने ती घडवली. बर्फात, वाळूत, चिखलात ती मजेत पळायची. लोक वेडे झाले!

पण वळताना ती उलटू लागली. तिची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, पण दोन्ही चाकं फिरणार सारखीच! गाडी सरळच जायला बघायची. त्यात पुढे चाक एकच. अनेक माणसं जखमी झाली, मुलंही दगावली. शेवटी १९८८ साली अमेरिकेत अशा नव्या तीनचाकी विकणं थांबलं. मधल्या काळात सुझुकी कंपनीने चार चाकांची गाडी आणली होती, आणि पुढचा जमाना तिचाच झाला. तीनचाकीला कमी पडत होता तो तोल, जास्तीचं इंजिन नव्हे.

आजच्या शर्यतीच्या क्वाडची रुंदी साधारण ४६ इंच असते. मैदानावर शर्यत लावणारे ती ५० इंचांपर्यंत वाढवतात, म्हणजे वळणावर गाडी उलटत नाही. मग वाटेवर जाणाऱ्याने काय करावं? बांबूच्या दोन बेटांमधून वाट जात असेल, तर तीच वाढीव रुंदी अडकून बसते! त्याने रुंदीला हात न लावता स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त आवळून घ्यावी. याला पैसा लागत नाही, लागतो एक पाना आणि अर्धा तास.

चौथं काम : दाते मोजा

सालेकसा, देवरीकडच्या चढावर सायकल ओढत नेलीय कधी? तिथे कमी पडतो तो गिअर. क्वाडच्या चेनला पुढे १४ दात्यांचं चक्र असेल, तर त्या जागी १३ दात्यांचं बसवलं की ओढ सुमारे ८ टक्के वाढते. मात्र सरळ रस्त्यावरचा वेग जवळपास तेवढाच घटतो. एक हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं!

तुमच्या साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत असं धरू. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ २.४ वेळा फिरतं. चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर. म्हणजे सायकल गेली ५.४ मीटर. मागे २२ दात्यांची फ्रीव्हील बसवली तर चाक दोनदाच फिरेल, सायकल जाईल ४.४ मीटर. पण चढावर पाय सुखावतील. तुमची वाट चढाची की सपाट? त्यावर उत्तर ठरेल.

आणि सर्वांत शेवटी : इंजिन

सायलेन्सर मोकळा केला की इंजिनात हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण बदलतं. त्या मानाने पेट्रोल वाढवलं नाही, तर इंजिन तापतं आणि खराब होतं. हवा जास्त मिळावी म्हणून काही जण फिल्टरच्या डब्याचं झाकणच काढून टाकतात. मग धूळ आणि नाल्याचं पाणी थेट आत! वाटेवरच्या इंजिनाला महागड्या सुट्या भागांआधी स्वच्छ फिल्टर हवा असतो.

शिवाय आवाजाचं काय? नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला. तिथे वाट सोडून वाहन घालता येत नाही, आणि ते बरंच आहे. जिथे सांबराला पानाची सळसळ ऐकू यायला हवी, तिथे आपला फटफटाट कशाला?

एक सुधारणा मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती म्हणजे चालवणारा! डोक्यावर हेल्मेट, नजर चाकाखाली न ठेवता वाटेवर पुढे, आणि खड्डा आला की बुड उचलून गुडघे सैल. हे साधलं की जुनी गाडीही नवी वाटते.

तेव्हा दोस्तांनो, येत्या रविवारी एक वही घ्या. सायकलवरून पांदणीने एक फेरी मारा. कुठे घसरली, कुठे थांबली नाही, कुठे दम लागला, लिहून काढा. जे सर्वांत जास्त वेळा लिहाल, तीच तुमची पहिली सुधारणा. भोंगा त्या यादीत आला, तर मात्र आम्हाला जरूर कळवा!

आई-बाबांसाठी दोन शब्द

सोळा वर्षांखालच्या मुलांना क्वाड चालवू देऊ नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. रिसॉर्टमध्ये मूल हट्ट करेल, तेव्हा तो आठवा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. १८ वर्षांखालच्या मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. घरातल्या मोटारसायकलला कारखान्याच्या नोंदीबाहेरचे बदल करायलाही कायद्याची मनाई आहे. तेव्हा सुधारणेची हौस सायकलवर भागवू द्या. फ्रीव्हील बदलायला दुकानात जाल, तेव्हा दाते मात्र मुलांनाच मोजू द्या.