भटकं नाणं कसं घडतं

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधाराने दडवलेला डबा हुडकण्याचा खेळ. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली खोट अमेरिकी सरकारने 2 मे 2000 रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. डब्यात सहीसाठी वही असते आणि देवाणघेवाणीसाठी बारीकसारीक वस्तू. एक उचलायची, तोडीस तोड दुसरी ठेवायची.

या वस्तूंतला मानाचा प्रकार म्हणजे जिओकॉइन. वॉशिंग्टन राज्यातल्या जॉन स्टॅन्ली यांनी ‘माउंटनबाइक’ या टोपणनावाने 2001 साली अशी पहिली क्रमांकित नाणी काढली. जिओकॉइन सापडलं तरी ते आपलं होत नाही. पुढच्या डब्यात नेऊन सोडायचं आणि संकेतस्थळावर नोंद करायची. नोंदी साठत जातात तसा नाण्याचा प्रवास नकाशावर उमटत जातो. मुंबई-पुण्याभोवतीही काही डबे आहेत, पण खेळाचं माहेर अमेरिका, आणि नाण्यांच्या नोंदीचा कारभार सिएटलहून चालतो.

नाणं बनवायचं मनात असेल तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: धातूची चकती कुणीही घडवू शकतो, तिला प्रवास करायला लावतो तो तिच्यावर कोरलेला संकेत. अक्षरं आणि अंक मिळून झालेला हा संकेत प्रत्येक नाण्याचा वेगळा असतो, आणि तो नाणं हातात असलेल्यालाच कळावा अशी अपेक्षा असते. लोकांना दिसणारा क्रमांक निराळा. तो ‘टीबी’ या अक्षरांनी सुरू होतो. गुप्त संकेताचा फोटो कुणी उत्साहाने जाहीर टाकला, की नाणं न पाहिलेली माणसंही ‘पाहिलं’ म्हणून नोंदी ठोकू लागतात. हे संकेत सिएटलच्या मुख्यालयाकडूनच विकत घ्यावे लागतात. नाण्याचं चित्रही तिथे मंजूर व्हावं लागतं. ही कामं बहुतेक वेळा नाणं बनवून देणारी कंपनीच करते, पण भाव विचारताना संकेताचे पैसे धरले आहेत का, हे स्पष्ट विचारावं.

आता कारखान्यात काय होतं ते पाहू. नेहमीचा आकार 40 मिलिमीटर व्यासाच्या आसपास आणि जाडी 3 मिलिमीटर. पितळेचं असलं तर असं नाणं सुमारे 32 ग्रॅम भरतं, म्हणजे आपल्या चार दहा रुपयांच्या नाण्यांपेक्षा किंचित जास्त. चित्रावरून आधी पोलादाचा ठसा कोरतात, दोन बाजूंचे दोन. ठसा भट्टीत घालून कडक करतात, मग दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून दाबयंत्राने छाप मारतात. उठाव खोल असेल तर चकती मध्येच तापवून मऊ करतात आणि पुन्हा दाबतात. कडेला बाहेर आलेला धातू छाटला, घासलं, की कोरं नाणं तयार.

नाण्याला आरपार खिडक्या हव्या असतील किंवा आकार बेडकाचा, होकायंत्राचा असा वेडावाकडा असेल, तर दाबण्यापेक्षा ओतणं सोयीचं. त्यासाठी जस्ताचं मिश्रण वापरतात. ते 385 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं, म्हणून रबरी साच्यांतही ओतता येतं. मात्र त्यावरची बारीक अक्षरं ठशाच्या छापाइतकी धारदार येत नाहीत. मजकूर जास्त असेल तर पितळ आणि ठसा, असा माझा सरळ सल्ला.

खरी गंमत रंगात आहे, आणि पैसेही तिथेच चुकीच्या जागी जातात. मीना तीन प्रकारचा. स्वस्तातला आणि सर्वांत जास्त चालणारा म्हणजे मऊ मीना. छापामुळे पडलेल्या खळग्यांत सुईसारख्या नळीने रंग भरतात आणि कमी आचेवर वाळवतात. रंग सुकताना बसतो, त्यामुळे धातूच्या रेघा वर राहतात. नाण्यावरून नख फिरवलं तर प्रत्येक रेघेला ते अडखळतं. दुसरा, कडक म्हणवला जाणारा. यात खळगे काठोकाठ भरतात, भाजतात आणि धातूच्या रेघांसकट सगळं घासून सपाट करतात. नख काचेवरून सरकावं तसं सरकतं. घासताना मुलामा उडून जाईल, म्हणून इथे मुलामा शेवटी देतात; मऊ मीन्यात तो रंगाच्या आधी. तिसरा खरा काचेचा मीना. काचेची भुकटी तांब्यावर 800 अंशांच्या आसपास वितळवतात. रंग मोजके, किंमत जास्त आणि वेळही जास्त. डब्यात सोडण्याच्या नाण्याला मऊ मीना पुरतो. संग्रहात ठेवायचं असेल तर कडक घ्या. काचेच्या वाटेला हौस आणि खिसा दोन्ही मोठे असल्याशिवाय जाऊ नये.

रंग कोणताही असो, दोन रंगांच्या मध्ये धातूची उभी रेघ लागते, नाहीतर एक दुसऱ्यात मिसळतो. म्हणजे चित्र काढतानाच ते रांगोळीसारखं बंद कप्प्यांचं काढायला हवं. छायाप्रकाश आणि फोटो इथे चालत नाहीत. देवनागरीत नाव घालायचं असेल तर आणखी जपावं लागतं. ‘ळ’ची, ‘क्ष’ची पोटं छोट्या अक्षरात रंगाने किंवा मुलाम्याने बुजतात, आणि अनुस्वाराचा ठिपका घासताना गायब होतो. अक्षर मोठं ठेवा, जोडाक्षर कमी असलेला शब्द निवडा.

मुलामा सोन्याचा, चांदीचा, निकेलचा, तांब्याचा किंवा काळ्या निकेलचा. जुनाट दिसणारी चांदी लोकांना फार आवडते: मुलाम्यावर काळपट थर देऊन उंच भाग पुसतात, त्यामुळे खळग्यांत काळं राहतं आणि उठाव डोळ्यांत भरतो. ठसा तोच ठेवून वेगळ्या मुलाम्यात थोडी नाणी काढली, की त्यांना मर्यादित आवृत्ती म्हणतात. संग्राहक तिच्यामागे धावतात. उत्पादकाला त्यात फारसं काही करावं लागत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

खर्चाचं गणित ठशाभोवती फिरतं. ठशाचे पैसे एकदाच, मग नाणी वीस काढा की दोनशे. म्हणून एकट्याने मागवलेलं नाणं फार महाग पडतं. मित्रमंडळ, गिर्यारोहकांचा गट किंवा एखादा मेळावा असेल तर परवडतं. मागणी देताना दोन बाजूंची दिशाही लिहून द्यावी. अमेरिकी नाणं डावीकडून उजवीकडे उलटलं की मागची बाजू उलटी दिसते, कारण तिथे मागची बाजू वर-खाली फिरवून छापतात. तुम्हाला पदकासारख्या दोन्ही बाजू सुलट हव्या असतील तर तसं सांगावं लागतं. आणि प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी मंजुरीसाठी जे चित्र येतं, ते पडद्यावर मोठं करून पाहून ‘छान’ म्हणू नका. खऱ्या मापात कागदावर छापा, गोल कापा, हात लांब करून वाचा. वाचता आलं नाही तर अक्षर वाढवायला सांगा. ठसा कोरल्यावर दुरुस्ती म्हणजे नवा ठसा.

एकट्या माणसाने काय करावं? घरी बनवावं. सर्वांत सोपं म्हणजे लाकडी चकती: शिक्क्याने छापायची किंवा लेझरने कोरायची, वर मेण नाहीतर वार्निश. अमेरिकेत लाकडी पैशांना जुनी परंपरा आहे. 1931 साली वॉशिंग्टन राज्यातल्या टेनायनो गावची बँक बुडाली, तेव्हा गावाने लाकडाचेच पैसे छापले होते. दुसरा मार्ग अक्षरांच्या पोलादी पंचांचा: तांब्याची किंवा पितळेची चकती लोखंडी ठोकळ्यावर ठेवायची आणि एकेक अक्षर हातोडीच्या एकाच ठोक्यात उमटवायचं. दुसरा ठोका दिला की अक्षर दुहेरी होतं. चकती बाजारातून घ्या, रुपयाची नाणी घेऊ नका. आपल्याकडे 2011च्या नाणे कायद्याने चलनातलं नाणं वितळवायला आणि नष्ट करायला बंदी आहे.

ओतकाम करायची हौस असेल तर कथील घ्या. कल्हईवाले वापरतात तेच, शिशाचा अंश नसलेलं. ते 232 अंशांना वितळतं, म्हणजे छोट्या पळीत शेगडीवरही काम होतं. पळी मात्र पुन्हा स्वयंपाकात नको. साच्यासाठी कोकणातल्या किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेन उत्तम. त्याची मऊ बाजू दगडावर घासून सपाट करायची. असे दोन तुकडे घ्यायचे, मध्ये लाकडी नमुना ठेवून दाबायचे. फेन इतका मऊ असतो की नमुना अलगद रुततो. नमुना काढून वरून धातू ओतायची वाट आणि हवा जायला बारीक खाचा कोरायच्या, तुकडे तारेने घट्ट बांधायचे आणि ओतायचं. फेनातल्या थरांच्या नागमोडी रेषा नाण्यावर उमटतात, आणि ते रूप कुठल्याही कारखान्यात मिळत नाही. फेन पूर्ण कोरडा हवा. ओल राहिली तर वाफ होऊन वितळलेलं कथील उसळतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बसूच नये. खिडकी उघडी असावी.

घरच्या नाण्याला संकेत हवा असेल तर ट्रॅव्हल बग नावाचा तयार बिल्ला घ्यावा. तो मण्यांच्या साखळीत येतो, त्यावर संकेत छापलेलाच असतो. नाण्याला भोक पाडून साखळीत ओवलं की झालं.

भोक कारखान्याच्या सुंदर नाण्यालाही पाडा, असं मी सांगेन. जिओकॉइन चोरीला जाणं हे या खेळातलं रोजचं दुखणं आहे. चकचकीत, अखंड नाणं पाहिलं की संग्राहकाचा हात पुढे जातो. भोक पडलेलं नाणं त्याला नको असतं. ज्यांना ते बघवत नाही, ते नाणं घरी ठेवतात आणि संकेतासह त्याचा लॅमिनेट केलेला फोटो डब्यात सोडतात. नियमात ते बसतं. पण डबा उघडून कागद हाती लागलेल्या पोराचा चेहरा पाहिलात, तर तुम्हीही भोकच पाडाल.