हॅरी पॉटरची शाळा



दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत एका पालकांनी मला विचारले, "सर, टीव्हीवर तो हॅरी पॉटर लागला की आमची मुले जेवण विसरतात. तोच सिनेमा दहा वेळा बघून झालाय, पुढचे सगळे पाठ आहे, तरी हलत नाहीत. त्या जादूटोण्यात एवढे आहे तरी काय?" सभा संपत आली होती, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचे उत्तर आता सवडीने देतो.

आधी थोडी माहिती. जे. के. रोलिंग या लेखिकेचे पहिले पुस्तक १९९७ साली इंग्लंडमध्ये निघाले. प्रकाशकाने सुरुवातीला अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या! सातवे आणि शेवटचे पुस्तक २००७ मध्ये आले. शेवटच्या पुस्तकाचे दोन चित्रपट झाले, म्हणून चित्रपट आठ. पहिला नोव्हेंबर २००१ चा, आठवा जुलै २०११ चा. म्हणजे पहिला चित्रपट आला तेव्हा जी मुले पाचवीत होती, त्यांची मुले आज शाळेत जाऊ लागली आहेत. आता सगळ्या पुस्तकांवर नव्याने दूरचित्रवाणी मालिका तयार होत असून २०२५ मध्ये नव्या मुलांना घेऊन तिचे चित्रीकरण सुरू झाले.

'मुलांना जादू आवडते' एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर होत नाही. जादू आपल्याकडे काय कमी होती? विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ होता, हातिमताई होता, 'चांदोबा' मासिकातले राक्षस होते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चेटकीण बघायला मुले आजही गर्दी करतात. पण वेताळाच्या गोष्टीत कुणी गृहपाठ करत नाही! हॅरीच्या गोष्टीत करतात. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ही जादूची गोष्ट नाहीच, ही शाळेची गोष्ट आहे.

बघा ना. हॅरी अकरा वर्षांचा पोरका मुलगा. मावशी आणि तिचा नवरा त्याला जिन्याखालच्या अडगळीत झोपवतात. एक दिवस त्याच्या नावाने पत्र येते. पत्र कसले, तर शाळेत प्रवेश मिळाल्याचे. सोबत वह्या-पुस्तकांची यादी. मग रेल्वे स्टेशन, ट्रंका, निरोप द्यायला आलेली माणसे, डब्यात भेटलेला पहिला मित्र. चित्रपटातली ती लाल गाडी स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनन इथल्या एकवीस कमानींच्या पुलावरून वळण घेते. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे दूधसागरच्या पुलावरून गेलेल्या आपल्या मुलांना त्या दृश्याची ओढ का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

हॉगवर्ट्स शाळेत वेळापत्रक आहे, वार्षिक परीक्षा आहे, उशिरा आल्यास बोलणी आहेत. मॅकगोनागल बाईंसारख्या कडक पण न्यायी शिक्षिका आहेत, आणि वर्गात शिरताच घशाला कोरड पडावी असे स्नेप सर आहेत. आपल्याकडे क्रीडा महोत्सवात शिवाजी गट, टिळक गट पाडतात, तसे तिथे चार गट आहेत आणि वर्षभर गुण मोजले जातात. पहिल्या वर्षाच्या शेवटी हॅरीच्या गटाला जिंकून देणारे शेवटचे दहा गुण कोणाला मिळतात? नेव्हिलला. सगळे विसरणारा, सगळ्यांच्या हसण्याचा विषय झालेला मुलगा. आपले मित्र चुकत आहेत असे वाटल्यावर तो त्यांच्यासमोर एकटा उभा राहिला, त्याचे हे गुण. प्रत्येक वर्गात एक नेव्हिल असतो, आणि आठव्या चित्रपटात त्या अजस्र सापिणीला तलवारीने मारणारा नेव्हिलच असतो. मुले दहाव्यांदा बघायला बसतात ती अशा जागांसाठी. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यानेच त्यांना मजा येते.

चित्रपटांची म्हणून एक निराळी गोष्ट आहे. डॅनियल रॅडक्लिफ, एमा वॉटसन आणि रुपर्ट ग्रिंट या तिघांची २००० साली निवड झाली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. चित्रीकरण संपले २०१० मध्ये. चार दिग्दर्शक बदलले, मुख्याध्यापक डम्बलडोरचे काम करणारे रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी मायकेल गॅम्बन आले, पण मुले तीच राहिली. त्यांचे आवाज फुटलेले, उंची वाढलेली, चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या पडद्यावर दिसतात. पाचवीच्या वर्गाला दहावीपर्यंत बघणाऱ्या शिक्षकाला जे दिसते, ते प्रेक्षकाला आठ चित्रपटांत दिसते.

आता जादूटोण्याबद्दल. पालकांची ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागात करणी, भानामती, उतारा हे शब्द अजून ऐकू येतात आणि त्यापायी माणसांचे हाल होतात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि आपल्या कर्नाटकाने २०१७ मध्ये याविरुद्ध कायदा केला. कर्नाटकाचा कायदा २०२० मध्ये लागू झाला. पण हॉगवर्ट्सची जादू आणि करणी यांत एक मोठा फरक आहे. तिथली जादू पाठ करून, चुकून, पुन्हा करून शिकावी लागते. मंत्राचा उच्चार चुकला तर पीस हवेत उडत नाही, नाकासमोर स्फोट होतो. ते एखाद्या विषयासारखे आहे, आपल्या बीजगणितासारखे म्हणा. करणीवाला मात्र काही शिकवत नाही. तो फक्त भीती घालतो.

एका बाबतीत मात्र मुलांना सावध केले पाहिजे. हॅरीचे पत्र पोचवणारे हेडविग हे पांढरे हिमघुबड पाहून काही मुलांना घुबड पाळावेसे वाटते. २०१० मध्ये घुबडांच्या चोरट्या व्यापारावर एक अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरच्या वेडालाही दोष दिला होता. अहवालाचा भर मात्र अंधश्रद्धेपायी दिल्या जाणाऱ्या बळींवर होता. म्हणजे सिनेमापेक्षा आपलीच जुनी खोड भारी! आपल्या तालुक्यातले पिंगळे आणि गव्हाणी घुबडे शेतातले उंदीर खातात, त्यांना झाडावरच राहू द्यावे. घुबड पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

हे चित्रपट आपली मुले इंग्रजीत किंवा हिंदीत बघतात. पुस्तके मात्र मराठीत आहेत. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ती काढली. पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मला हा शब्द फार आवडला. लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्या संतांच्या अभंगांतून घरोघर पोचलेला आहे. इंग्रजी नावाने बिचकणारे मूल 'परीस' म्हटले की लगेच मान डोलावते. खरे तर त्या गोष्टीतला दगड सोने तर करतोच, शिवाय माणसाला अमर करणारा रसही देतो, आणि अमृत देणे हे काही आपल्या परिसाचे काम नव्हे. पण याहून चांगला शब्द मला तरी सुचत नाही. इंग्रजी जाड पुस्तकाला घाबरणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांनी मराठी प्रत आधी वाचावी, मग इंग्रजी. दुसऱ्या वेळी शब्दकोश कमी लागतो.

आणि जादूशिवायचा हॅरी हवा असेल तर तो आपल्या शेजारी आहे. बेळगावच्या मातीतले लेखक प्रकाश नारायण संत यांचा लंपन. तोही आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे, कानडी-मराठी मिसळलेल्या गावात शाळेत जातो. त्याला मात्र अडगळीत झोपावे लागत नाही, त्याचे आजोळ मायेचे आहे. 'वनवास' हे पहिले पुस्तक १९९४ मध्ये आले, आणि २०२४ मध्ये 'लंपन' ही मालिकाही निघाली. 

शेवटी हर्मायनीबद्दल लिहायचे आहे, कारण पालकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिच्यात दिसते. तिचे आई-वडील दातांचे डॉक्टर आहेत, पण जादूच्या जगात ते अडाणी. त्या घराण्यात हॉगवर्ट्सला जाणारी ती पहिलीच. ती सगळी पाठ्यपुस्तके शाळा सुरू होण्याआधी वाचून येते, प्रत्येक प्रश्नाला हात वर करते, आणि मुले तिला चिडवतात. दुसऱ्या चित्रपटात मालफॉय नावाचा श्रीमंत मुलगा तिच्या जन्मावरून, रक्तावरून तिला शिवी देतो. आपल्या देशात तरी या प्रसंगाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हॅग्रिड तिला जवळ घेऊन सांगतो की तुला करता येत नाही असा मंत्र अजून कुणी शोधलेला नाही. आमच्या शाळेत घरातली शिकणारी पहिलीच अशा मुली आजही आहेत. या दृश्याला त्यांच्या डोळ्यांत काय दिसते ते मी पाहिले आहे.

तिच्या आई-वडिलांचे दर्शन फार थोडे घडते. दुसऱ्या पुस्तकात ते मुलीची पुस्तके घ्यायला जादूगारांच्या बाजारात येतात आणि बँकेत आपल्या नोटा बदलून घेण्यासाठी बावरून उभे राहतात. कुठे बघावे, कोणाशी बोलावे, काही कळत नाही. पालकसभेला मागच्या बाकावर टोकाला बसणारे, सही करताना पेन घट्ट धरणारे पालक मला त्यांच्यात दिसतात. तेवढ्यात रॉनचे वडील आनंदाने पुढे होऊन त्यांचे स्वागत करतात.

सातव्या चित्रपटाची, २०१० च्या, सुरुवात पालकांनी जरूर पाहावी. मुलगी मोठी झाली आहे, लढाईला निघाली आहे. आई-वडील कोचावर बसून टीव्ही बघत आहेत. ती मागे उभी राहते आणि त्यांना धोका होऊ नये म्हणून स्वतःची आठवण मंत्राने पुसून टाकते. भिंतीजवळच्या फोटोंतून ती एकेक करून नाहीशी होते, मग दार ओढून घेऊन रस्त्याला लागते. घरातली मुले हे बघताना गप्प असतात. आपणही त्या वेळी त्यांच्या शेजारी बसावे.