डब्यांची गाडी आणि टर्बोचा हट्ट

गाडी धूर सोडायला लागली की घरातली बाई पहिल्यांदा विचारते, ‘खर्च किती येईल?’ आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘खोलल्याशिवाय कळणार नाही, ताई.’ या दोन वाक्यांच्या मधे बरंच काही असतं. ते समजून घ्यायला मेकॅनिकलची पदवी लागत नाही, हे माझ्यासारखी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाईही आता ठामपणे सांगू शकते.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज चाळीसेक डबे पोचवते. नवरा गेल्यावर मागे राहिली ती त्याची मारुती ओम्नी, २०११ सालची. त्या व्हॅनवर घर चालतं, मुलीचा डिप्लोमा चालतो. २०२४च्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर मारू लागली, आठवड्याला लिटरभर ऑईल पिऊ लागली. एका गॅरेजवाल्यानं सरळ सांगितलं, ‘इंजिन गेलं. तयार हाफ इंजिन टाकू, पंचावन्न हजार.’ गंमत म्हणजे गाडी हिची, पैसे हिचे, पण तो सगळं बोलला ते हिच्या भाच्याशी. भाचा वयानं एकोणीस!

ती गटाकडे कर्ज मागायला आली. हिशेबाची वही माझ्याकडे असते. पंचावन्न हजार म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या, शेवया लाटणाऱ्या वीस बायकांनी महिन्याला दोनशे-दोनशे करून साठवलेले पैसे. नाही म्हणावं तर हिचे डबे बंद, हो म्हणावं तर गटाची पेटी रिकामी. तेव्हा तिची लेक म्हणाली, ‘काकू, आधी इंजिन तपासू या की. न बघता गेलं कसं म्हणायचं?’

तपासणं म्हणजे काय, ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. स्पार्क प्लग काढायचे, त्या भोकात दाबमापक लावायचा आणि स्टार्टर मारायचा. कुकरच्या शिट्टीचं तत्त्व. वाफ कुठून निसटत असेल तर दाब धरत नाही. तीन सिलिंडरपैकी मधल्याचा दाब बराच कमी निघाला. मग तिनं त्यात चमचाभर ऑईल सोडलं आणि पुन्हा मोजलं. दाब वाढला. याचा अर्थ गळती पिस्टनच्या रिंगांपाशी आहे. वाढला नसता, तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे बघावं लागलं असतं. धुराचंही तसंच आहे बघा. निळा म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. फक्त सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येऊन जात असेल, तर पुष्कळदा व्हॉल्व्हच्या रबरी सीलचा दोष असतो. ते काम त्या मानानं स्वस्तातलं. एवढं माहीत असलं तरी गॅरेजमध्ये आपलं बोलणं वेगळं ऐकलं जातं.

कोल्हापुरात एक बरं आहे. शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या कामाचं सगळं मिळतं आणि जाणकार माणसंही मिळतात. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मायलेकींना वेळ दिला. उतरवणं, खोलणं, धुणं ही मजुरीची कामं लेकीनं स्वतः करायची, आणि मोजमाप व मशिनचं काम त्यांनी, असं ठरलं. खरी बचत इथेच झाली. नट-बोल्ट मसाल्याच्या रिकाम्या बरण्यांत गेले. ‘कांदा-लसूण’च्या लेबलावर पेनानं ‘ऑईल पंप’ लिहिलेलं!

सिलिंडर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरच्या बाजूला जास्त, आणि गोलाचा हळूहळू अंडाकार होतो. म्हणून मिस्त्रींनी वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी मोजलं. झीज थोडी असती तर नुसतं होनिंग करून नव्या रिंगांवर भागलं असतं. इथे बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकणं भाग होतं. त्यांनी एक गोष्ट बजावली: आधी पिस्टन आणून द्यायचे, मगच बोअर करायचा. भोक पिस्टनच्या मापानं कापायचं असतं. शिंप्याला आपण मापाचं ब्लाऊज देतो ना, तसंच. क्रँक सुदैवानं शाबूत होता, नुसती बेअरिंगं बदलली. हेड सपाट करून घेतलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप नवा घातला. गॅस्केट, रिंगा, बेअरिंग आणि ऑईल यांत मात्र एक रुपया वाचवायचा नाही, हा मिस्त्रींचा नियम मला फार पटला. साडीवर घासाघीस करावी, औषधावर नाही.

आणि मग मधेच टर्बो आला.

भाच्याचं म्हणणं, इंजिन खोललंच आहे तर टर्बो लावून टाकू, भंगारबाजारात जुना स्वस्तात मिळतो. लेकीचेही डोळे चमकले. तिनं मला टर्बो समजावला तो असा: सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या झोतावर एक चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. मिनिटाला लाखावर फेरे! आल्फ्रेड ब्युशी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. सुझुकीनं तर १९८७ मध्ये जपानात ‘अल्टो वर्क्स’ नावाच्या चिमुकल्या गाडीत, ओम्नीच्या इंजिनाच्याच घराण्यातल्या ५४३ सीसी इंजिनातून टर्बोच्या जोरावर ६४ अश्वशक्ती काढली. आपल्या ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन साधारण ३५ देतं. पोरीला मोह पडला तर नवल काय?

पण मिस्त्रींनी एकेक बोट मोडत सांगितलं. सुझुकीनं त्या इंजिनाचं पेट्रोल, ठिणगीची वेळ, हवा थंड करणारा इंटरकूलर, सगळं टर्बोच्या हिशेबानं बेतलं होतं. आपल्या गाडीच्या कॉम्प्युटरला जादा हवा आली हे कळणारच नाही. हवेला पेट्रोल पुरलं नाही की इंजिन आतून ठोके मारतं आणि नव्या पिस्टनला भोक पडतं. टर्बोला ऑईलची वेगळी लाइन हवी, गॅस्केट-क्लच जड हवेत. शिवाय ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. तिथे लाल होईपर्यंत तापणारा लोखंडाचा गोळा ठेवायचा आणि वर बाईनं बसायचं! कायद्याची बाजू वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी बॉनेट उघडते. ओम्नीत सीटच उचलेल म्हणा!

भंगारातला टर्बो स्वस्त असतो, तो नीट चालवायला लागणारं बाकीचं महाग असतं. तो सगळा हिशेब व्हॅनच्या किमतीच्या पुढे गेला. मैत्रीण एवढंच म्हणाली, ‘माझे डबे साडेबाराला पोचायचे असतात. बाराला पोचवून मी काय करू?’ लेक दोन दिवस फुगून होती. मला वाईट वाटलं, कारण तिचा हट्ट अज्ञानातून आलेला नव्हता. मोठं काहीतरी करून बघायची उमेद होती ती, आणि आपल्याकडे मुलींच्या अशा उमेदीला फक्त खर्चाचा आकडा दाखवला जातो.

काम बारा दिवस चाललं. डबे तेवढे दिवस भाड्याच्या रिक्षानं गेले. एकूण खर्च एकतीस हजार. गटानं पंचवीस दिले, दहा हप्त्यांत ते फिटलेही. पहिले हजार किलोमीटर गाडी दामटायची नाही, पाचशेला ऑईल बदलायचं, ही पथ्यं लेकीनं आईकडून सक्तीनं पाळून घेतली.

तिनं पुढे आपल्या अॅप्रेंटिसशिपच्या पैशांतून तो जुना टर्बो घेतलाच. दांडा हातानं हलवून, खेळ किती आहे ते बघून, निम्म्या किमतीत. आता उद्यमनगरातून एखादं निकामी इंजिन आणून मागच्या शेडमध्ये स्टँडवर उभं करायचं तिच्या मनात आहे. आईनं त्यासाठी शेडमधला मसाल्याचा डंका एका बाजूला सरकवून दिला आहे.