ट्रॅक्टरच्या तारा आणि फ्यूज

रब्बीची मळणी आटोपली म्हणजे पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या गंजीला लागूनच उभा केला जातो. तेथे उंदरांना आयताच निवारा मिळतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने त्याला काही ना काही कुरतडावेच लागते, आणि तारांवरील मऊ वेष्टण त्याच्या तोंडाशीच असते. पुढे मशागतीची घाई सुरू झाली की दिवा लागत नाही, फ्यूज जळालेला आढळतो आणि त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद अथवा तांब्याची जाड तार बसविली जाते. दिवा लागतो खरा, परंतु धोकाही तेथूनच सुरू होतो.

ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. एवढ्या दाबाने सहसा झटका बसत नाही, म्हणून तिची भीती कोणी बाळगत नाही. परंतु इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीला शेकडो अँपिअर प्रवाह पुरविणारी हीच बॅटरी आहे. ६० वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. त्यासाठी १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. कुरतडलेली उघडी तार सांगाड्याला टेकली म्हणजे मात्र प्रवाह एकदम कित्येक पटींनी वाढतो. अशा वेळी प्रथम वितळावे म्हणूनच फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. तेथे जाड तार असली तर सबंध वायरिंगच फ्यूजचे काम करू लागते! वेष्टण वितळते, शेजारच्या तारा पेटतात, आणि जवळच डिझेलची नळी व बाजूला कडबा असतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीची सांगाड्याला जोडलेली, म्हणजे आजच्या ट्रॅक्टरमध्ये ऋण बाजूची, तार प्रथम सोडवावी व काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. हा क्रम उलटा झाला आणि धन बाजूचा नट सोडविताना पाना सांगाड्याला लागला, तर पाना लाल होण्याइतका प्रवाह वाहतो. हातातील अंगठी वा कडे अगोदरच काढून ठेवणे बरे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. सबब जवळ विडी अगर काडी पेटवू नये.

कुरतडलेल्या तारेला पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. शेतातील हादऱ्यांनी पीळ सैल होतो, सैल सांधा तापतो आणि उन्हाने पट्टीही सुटते. खराब भाग कापून तेवढ्याच जाडीची, अनेक बारीक तंतूंची तांब्याची तार घ्यावी, सांध्यावर नळी दाबून घट्ट करावी अथवा डाख द्यावा, आणि वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. लोखंडी कडेवरून तार नेताना तेथे रबरी कडे असलेच पाहिजे. दुरुस्तीनंतर दिवे थोडा वेळ चालू ठेवून तार हाताने चाचपावी. ती गरम लागल्यास सांधा पुन्हा उघडावा.

हौसेने बसविलेले जादा दिवे व गाण्यांचे भोंगे पुष्कळदा थेट बॅटरीला जोडलेले आढळतात. प्रत्येक जादा तारेला बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज हवा. ट्रेलरच्या मागील दिव्याची तार वळणावर ताणली जाऊन तुटते, म्हणून ती जोडाच्या जागी थोडी ढिली ठेवून बांधावी. उसाच्या हंगामात रात्री मागचा दिवा बंद असलेला भरला ट्रेलर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. त्याने अल्टरनेटरमधील डायोड जळतात.