हेडलाइटचा उजेड जातो कुठे?

जुलैच्या पावसात रात्री नऊनंतर ज्याने अहमदाबाद हायवेवर विरार फाटा ते चिंचोटी एवढी गाडी चालवली आहे, त्याला हेडलाइट म्हणजे काय चीज असते हे निराळे सांगायला नको. ओल्या डांबरावर खड्डा कुठला आणि डबके कुठले ते कळत नाही. हायवे सोडून निर्मळ, भुईगावच्या बाजूला वळावे तर रस्ता अरुंद, दोन्हीकडे केळीच्या वाड्या आणि वळणावर अचानक समोर येणारा सायकलवाला. आमच्या जुन्या गाडीचे दिवे मात्र देवघरातल्या निरांजनाशी स्पर्धा करू लागले होते.

मग बहुतेक जण करतात तेच मी केले. दुकानात जाऊन 'जास्त पॉवरचे' बल्ब मागितले. गाडीत एच-फोर जातीचे 60/55 वॅटचे बल्ब होते. म्हणजे अप्परला 60 आणि डिप्परला 55. दुकानदाराने 100/90 चे काढले. "साहेब, रात्रीचा दिवस होईल!" पाच मिनिटांत बसवूनही दिले. आणि झालाही दिवस! पंधरा दिवस मी खुशीत होतो.

एका रविवारी विरारहून सहकुटुंब परतताना सौ. म्हणाली, "काहीतरी जळतंय." मी म्हटले, बाहेर कुणी कचरा पेटवला असेल, तो वास आपल्याला नवा थोडाच आहे? दोन मिनिटांत दोन्ही दिवे एकदम गेले. अप्पर नाही, डिप्पर नाही. मागच्या सीटवर आई आणि मुलगी. कशीबशी गाडी कडेला घेतली. शेजारून कंटेनर गेला की गाडी गदगदून हलायची. आई रामरक्षा म्हणत होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बल्बचे होल्डर बाहेर काढले. प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळले होते. स्टीअरिंगजवळच्या स्विचमधले पॉइंट जळले होते. "पण फ्यूज कसा उडाला नाही?" मी विचारले. ते हसले. फ्यूज ठरावीक प्रवाहापलीकडे उडतो. सैल सांधा आतल्या आत तापत असेल तर त्याला पत्ताही लागत नाही.

हिशेब शाळेतलाच आहे. 12 व्होल्टवर 60 वॅटचे दोन दिवे म्हणजे 10 अँपिअर. 100 चे दोन म्हणजे जवळजवळ 17. वायर आणि स्विच तेच. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीन पट. आमच्या गाडीत हा सगळा प्रवाह त्या बोटभर स्विचमधूनच जात होता. तो बिचारा पंधरा दिवस टिकला हेच नवल.

मग त्यांनी नवा स्विच, नवे होल्डर घातले, जुने 60/55 चेच बल्ब लावले आणि मीटर धरला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 12.1. पावणेदोन व्होल्ट वाटेतच गायब! आता गंमत अशी, की हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या सरळ प्रमाणात घटत नाही, फार वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्ट कमी झाले की तीस टक्के उजेड जातो. म्हणजे माझा एक तृतीयांशाहून जास्त उजेड रस्त्यावर पडतच नव्हता. बल्बचा दोष नव्हताच.

चोर सापडला तो अर्थिंगमध्ये. बॉडीला जोडलेल्या वायरीच्या बोल्टवर हिरवट-पांढरी पूड साचली होती. वसईची हवाच तशी. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी आणि मिठागरे, त्यात दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढायची. बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासला, पत्रा चकचकीत केला, घट्ट आवळून वर ग्रीस लावले. मीटर 13 च्या वर गेला. खर्च? पॉलिश पेपरचा तुकडा आणि दोन कप चहा.

उरलेल्या गळतीसाठी त्यांनी रिले बसवायला सांगितले. रिले म्हणजे काय, हे आमच्या वाडीवाल्यांना लगेच कळेल. विहिरीवरच्या पंपाचा सगळा प्रवाह आपण स्टार्टरच्या बटणातून थोडाच नेतो? बटण फक्त आतल्या चुंबकाला इशारा देते, पंपाची जाड लाइन वेगळी. तसेच इथे. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज (हा विसरू नये, तो नसेल तर वायर कुठे घासली की आगच), आणि जुने वायरिंग फक्त रिलेला इशारा देण्यापुरते. कंपनीची वायर कुठेही कापावी लागत नाही.

रिले बसल्यावर मी हळूच विचारले, आता ते 100/90 चे लावू का? "वायर सोसेल," ते म्हणाले, "समोरच्याचे डोळे सोसतील का?" त्यांचे म्हणणे खरे होते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर चक्क माप दिले आहे: दिव्यापासून 8 मीटरवर, 1.5 मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला डिप्परने दिपवता कामा नये. एलईडीचा पर्याय मीच काढला. प्रवाह कमी खातो, वायरिंगला त्रास नाही. पण जुन्या दिव्याचा आरसा हॅलोजनच्या बारीकशा तारेच्या जागेला बेतलेला असतो. तिथे दुसरे काही खुपसले की उजेड भलतीकडे उधळतो. शेवटी चांगल्या प्रतीचे 60/55 चेच घेतले. बसवताना काचेला बोट लावायचे नाही. घामाचा डाग पडला की बल्ब तिथेच तापून लवकर जातो.

रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर 10 मीटरवर गाडी उभी करून डिप्परची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे 10 सेंटिमीटर खाली आणली. वरच्या मजल्यावरून एक आजोबा ओरडले, "चोर शोधताय का?"

ते 100/90 चे बल्ब अजून कपाटात आहेत. टाकून देववत नाहीत आणि कुणाला देण्याची हिंमत होत नाही.